कशाबद्दल, ते ग्रोझदानने सांगावे

मी, स्टामेना वेल्कोवा, राहणार कामेनरुत, धंदा विणकाम, डोके ठिकाणावर आणि जीभ त्याहून ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. नोटरीसाहेबांनी सुरुवातीलाच "मी सर्वांना क्षमा करते" असे वाक्य घातले होते. म्हणाले, "आजी, पद्धत आहे, सगळेच घालतात." मी ते खोडायला लावले.

१. घर, अंगण आणि आलुबुखाराची झाडे माझी भाची रोसित्सा हिला द्यावीत. ती माझा धाकटा भाऊ ग्रोझदान याची मुलगी. बापाचा राग मी तिच्यावर काढत नाही. छाटणी मात्र तिच्या नवऱ्याला करू देऊ नये. त्याचा हात लागलेले झाड जगलेले मी अजून पाहिलेले नाही.

२. हातमाग शेजारच्या झ्लातकाला. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला आणि नंतर वाटायच्या उकडलेल्या गव्हाला. गव्हात साखर घालताना हात आखडू नये.

३. ग्रोझदानविषयी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी शहरात कापडगिरणीत होते. ती माझे नाव घेत होती. ग्रोझदानने मला कळवले नाही, वर तिला सांगितले, "निरोप धाडला, ती येत नाही म्हणते." मला कळले ते तिला पुरल्यानंतर. लेकीने पाठ फिरवली असे समजून माझी आई गेली.

तेव्हापासून दर वर्षी, मोठ्या उपासाआधीच्या क्षमेच्या रविवारी, तो हलवा घेऊन येतो, धाकटा म्हणून माझ्या हाताचे चुंबन घेतो आणि म्हणतो, "ताई, माफ कर." मीही रिवाजाप्रमाणे म्हणत आले, "देवाने केलंय." त्याला वाटले, मिटले. गेल्या वर्षी मी हात काढून घेतला.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? सगळ्याबद्दल! आज सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी माझ्या आईला खोटं नाही सांगितलं."

"लोकांसमोर तमाशा नको गं ताई. हलवा खा बघू."

हलवा मी कोंबड्यांना घातला. फादर सावा म्हणाले, शब्द उच्चारला की पुरे, उकरत बसू नये. मला हे मान्य नाही. ज्याने केले त्याने आधी "मी केले" म्हणावे, ज्याला भोगावे लागले त्याने ऐकावे, मग त्या शब्दाला हात घालावा. मला क्षमा करायची आहे. भाऊ आहे तो माझा, आणि त्याच्याशिवाय माझे सण फिके जातात. पण न बोललेल्या गोष्टीची क्षमा माझ्याकडून मिळणार नाही.

४. आईच्या कबरीशेजारची जागा ग्रोझदानने स्वतःसाठी धरून ठेवली आहे. कागद माझ्या नावावर आहे. मला तिथेच पुरावे. परवा क्षमेचा रविवार आहे. तो आला आणि आईचे नाव घेऊन बोलला, तर हे कलम मी स्वतः रद्द करीन आणि जागा त्याची. नाही बोलला, तर पुढे कधीतरी आईला मेणबत्ती लावायला येईलच. तोवर मी तिला सांगितलेले असेल, की मला कोणी बोलावलेच नव्हते.

वाचून, समजून सही केली.
स्टामेना वेल्कोवा

साक्षीदार:
मिंचो द्राग्नेव, कोंबड्यांचा शेजारी
फादर सावा, तिसरे कलम अमान्य असूनही

कामेनरुत, शुक्रवार, २४ फेब्रुवारी २०१२