सीताबर्डीच्या फौजेचे डोळे

मी, प्रेमानंद गोपाळराव खोब्रागडे, वय एकाहत्तर, राहणार वाडी, नागपूर, पूर्ण शुद्धीवर आहे. नजर गेली आहे, डोकं नाही. म्हणून मी बोलतो आहे आणि माझी वकील भाची वैभवी लिहून घेते आहे. कोणाचा दबाव नाही. असता तरी मी ऐकला नसता.

१. राहतं घर पत्नी माया हिच्या हयातीत तिचं, नंतर मुलगी सरिता हिचं. बँकेतल्या ठेवी मायाच्या. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. ट्रक रंगवायचे मोठे ब्रश आणि डबे गॅरेजवाल्या ऋषीला द्यावेत. उभा जन्म मी अमरावती रोडवर ट्रकांच्या मागे डोळे काढले. डोळ्यांशिवाय गाडी सोडायची नाही, हा माझा नेम.

३. सीताबर्डीच्या लढाईची माझी धातूची फौज सरिताला. एका बाजूला भोसल्यांचे अरब, दुसऱ्या बाजूला कंपनीचे शिपाई, एकेक जण बोटाच्या पेराएवढा. नेटवर सुटे शिपाई विकू नयेत. आत्मा मानत नाही, नाहीतर येऊन छळलं असतं. शेवटची तुकडी औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवून उभी आहे. अंगरखे झाले, बंदुका झाल्या, डोळे काढणार, तेवढ्यात माझेच गेले. ती तशीच अपुरी राहणार, याचं मला फार वाईट वाटतं.

४. माझा बालमित्र नागसेन गजभिये याला काहीही देऊ नये. लकडगंजला अशाच छोट्या शिपायांच्या प्रदर्शनात हा परीक्षक होता. शिपाई टेबलावर लढाई मांडून खेळायचे असतात, तर ते हातभर अंतरावरूनच पारखायचे, हा त्याचा नियम. हात लांब करून माझा शिपाई धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून गा, हे सारे भूत पाहून राहिले का? एवढ्याशा तोंडावर डोळे नसतात काढत, नुसती सावली द्यायची." दुसरा नंबर दिला! तेव्हापासून बोलणं बंद. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वैभवी सांगते. म्हणूनच त्याला साक्षीला बोलावलं आहे. हे सगळं ऐकेल आणि सही करून जाईल.

५. कलम ३ आणि ४ आता रद्द. वैभवी नव्याने टाइप करू म्हणते. मी म्हटलं, राहू दे.

नागसेन आला. वैभवीने त्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने झाकणावरचा एक शिपाई उचलला आणि, माया सांगते, थेट नाकाशी नेला.

"याले तर काहीच दिसून नाही राहिलं गा," म्हणाला.

मी म्हटलं, "तुझ्या नियमानं बरोबर आहे ना? दे मग पहिला नंबर."

"नियम गेला चुलीत. बारका ब्रश कुठी ठेवला, ते सांग."

बारका ब्रश टेबलाच्या खणात आहे, असं मी सांगितलं. कायद्यात याची गरज नाही म्हणते वैभवी, तरी लिहावं. सरिताला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे डब्यातच राहिले असते. काकांनाच द्या."

सबब संपूर्ण फौज, रंग आणि बारके ब्रश नागसेनला. अट एकच. शेवटच्या तुकडीचे डोळे त्याने माझ्या हयातीत, माझ्याच टेबलावर बसून काढावेत. रोज एकाच शिपायाचे. घाई करू नये.

हे सर्व मला वाचून दाखवलं, पटलं, आणि वैभवीने बोट ठेवलं तिथे मी सही केली.

प्रेमानंद गोपाळराव खोब्रागडे
वाडी, नागपूर. १२ जानेवारी २०२५

आमच्या समक्ष सही झाली:
१. शोभाताई रामटेके, शेजारी
२. ~~नागसेन गजभिये~~ (आता वारस, म्हणून साक्षीला चालत नाही) सोनिका वासनिक, वरच्या मजल्यावरची भाडेकरू