आमेन न मिळालेली प्रार्थना

सोलापूर,
सोमवार, ता. १९ मे १९३०

ती. चिंतामणदादास,
धाकट्या अनसूयेचा प्रभूमध्ये कृतानेक सलाम वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू धीराने वाचशील. मार्शल लॉ लागल्यापासून संध्याकाळी दारं लावून बसतो. पांढरी टोपी दिसली की शिपाई धरतात, म्हणून माणसं या उन्हात बोडकीच फिरतात. पत्रं फोडून वाचतात असं ऐकलं, तेव्हा हे टपालात न टाकता ओळखीच्या गार्डाच्या हाती कुर्डुवाडीला पाठवते आहे.

आपल्या ख्रिस्ती मंडळीतला हरिबा तुला आठवत असेल. गिरणीत मागावर साचेवाला आहे, उपासनेला पुढच्या चटईवर बसतो. त्याचा थोरला मुलगा गुंडा गोळीबारात गेला. दंग्यात नव्हता रे, पाळी संपवून घरी येत होता. मंडळीचे पाळक म्हणून यांनीच त्याला मूठमाती दिली. त्याची आई तानाबाई मला विचारत होती की बाई, आपला येशू सरकारच्या बाजूचा हाय का आपल्या. मी तिच्याजवळ बसून रडले.

आता खरी काळजी सांगते. मिशनच्या साहेबांनी यांना बजावलं आहे की येत्या रविवारी राजासाठी प्रार्थना कराल तेव्हा पलटणीने शहरात शांतता आणली म्हणून देवाचे आभारही माना. एक लष्करी अंमलदार उपासनेला येणार आहे. साहेब वाईट नाहीत, भ्यालेत. मिशनची माणसं चळवळीला सामील आहेत असा वरून संशय आहे. पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, राजासाठी प्रार्थना करायला पौलाने सांगितलं, ती मी दर रविवारी करतो. गोळ्यांबद्दल आभार मानायला कुठल्या प्रेषिताने सांगितलं ते दाखवा. त्यावर साहेब म्हणाले की मग मला तुम्हाला सांभाळता येणार नाही. म्हणजे मिशनचं घर गेलं, आमच्या पद्मजेची शाळा गेली, आणि यांनाच धरून नेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

मला एक सुचलं आहे. आपल्यात कुणीही भाऊ उभा राहून प्रार्थना करू शकतो. तू शनिवारी ये. यांची प्रार्थना झाली की उठ आणि ते आभार तू मान. साहेबांचं समाधान होईल आणि यांच्या जिभेवर काही येणार नाही. लहानपणी तुझी प्रार्थना संपेपर्यंत आमटी निवायची, तेव्हा बहिणीसाठी चार वाक्यं तुला जड नाहीत. यांना मात्र कळू देऊ नकोस.

मुक्तावहिनींना सलाम. माझ्यावरची तुझी माया अशीच राहू दे.

तुझी
अनसूया

कुर्डुवाडी,
बुधवार, ता. २१ मे १९३०

चि. सौ. अनसूया हीस,
चिंतामणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीला जेवण गेलं नाही. मला गेलं, पण चव लागली नाही. पाळकबुवा इतके शिकलेले, त्यांना एवढं कळू नये? अधिकारी देवाने नेमलेले असतात, हे मी मंडळीतच शिकलो आणि तेच धरून रेल्वेत एवढी वर्षं काढली. इथे कचेरीतले लोक मला गोऱ्यांचा पोपट म्हणतात, आणि साहेब रोज सकाळी माझ्या डोक्याकडे बघतो की आज टोपी कोणती आहे. आपली माणसं मूठभर. हे सरकार गेलं तर गावोगावच्या विहिरींवर आपल्या लोकांना पाणी कोण भरू देईल, ते पाळकबुवांनी एकदा मला सांगावं.

शिवाय शहर शांत झालं हे खरंच आहे, त्याबद्दल आभार मानण्यात मला पाप दिसत नाही. म्हणून येतो. त्यांच्यापासून लपवून करायचं एवढं मनाला खटकतं, पण तुझ्यापुढे माझं कधी चाललं आहे? शेंगाची चटणी करून ठेव. हिच्या हाताला ती चव नाही, आणि हे मी लिहिल्याचं हिला कळवू नकोस.

पद्मजेला आशीर्वाद. जीव थोडा थोडा करू नकोस, भावाची आठवण ठेव.

तुझा
चिंतामणी

कुर्डुवाडी,
सोमवार, ता. २६ मे १९३०

चि. सौ. अनसूया हीस,
आशीर्वाद वि. वि.

काल तुझ्याकडे न जेवताच स्टेशन गाठलं, म्हणून पाळकबुवा रागावले असतील. मला त्या घरात बसवेना.

प्रार्थना मी चांगली केली, हे तूही मानशील. आवाज लागला होता. पलटणीबद्दल आणि शांततेबद्दल आभार मानले, ख्रिस्ताच्या नावाने मागितलं आणि थांबलो. आमेन आलं नाही. मागे ऐकू गेलं नसेल असं समजून शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. मंडळी डोळे मिटून बसलेली, पोरंसुद्धा गप्प. अंमलदाराला मराठी येत नसावी, तो साहेबांकडे बघत राहिला. शेवटी साहेबांनी एकट्यांनी आमेन म्हटलं, तेही खाकरत.

अनसूया, मी डोळे उघडले होते. तू बायकांमध्ये पुढेच होतीस आणि तुझे ओठ मिटलेले होते. तूच बोलावलंस, काय बोलायचं तेही तूच सांगितलंस, आणि तूच मला तिथे एकटं उभं केलंस. वडील गेले त्या दिवशीसुद्धा मला इतकं परकं वाटलं नव्हतं. चटईवर मान खाली घालून बसलेला तो हरिबाच ना? उभं राहायच्या आधी मी त्याच्याकडे पाहायला हवं होतं.

असो. अंमलदार खूश होऊन गेला, तुमचं घर राहिलं, हेच पुष्कळ. तरी दोन ओळी लिही. रागावलो असलो तरी भाऊच आहे.

चिंतामणी

सोलापूर,
सोमवार, ता. २ जून १९३०

ती. दादास,
अनसूयेचा कृतानेक सलाम वि. वि.

उत्तराला आठवडा लावला, कारण तुला काय तोंड दाखवू हेच कळेना. आमेन म्हणायचं मी घोकून आले होते. तू बोलायला लागलास तेव्हा तानाबाई मला खेटून बसली होती आणि तिने माझा पदर मुठीत धरला होता. माझं तोंड उघडलंच नाही. तुला मी फशी पाडलं, दादा. मला माफ कर.

त्याच दिवशी यांना सगळं सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, चूक माझी, मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मग गुरुवारी हरिबा आला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसला. म्हणाला की पावण्याला कळवा, माजा राग न्हाय. पावणा एकटा पडला म्हणून आमेन म्हनाया मी तोंड उघडलं व्हतं की. पर आमेन म्हंजी तसंच होवो, आनि तसं व्हावं असं लई जोर लावून बी मला वाटंना. एवढं बोलून पाणीसुद्धा न पिता गेला.

काल रविवारी यांनी उभं राहून सांगितलं की गेल्या रविवारची ती प्रार्थना या मंडळीची नव्हती. मग राजासाठी मागितलं. ज्या शिपायाने गोळी झाडली त्याच्यासाठी मागितलं. आणि गुंडाचं नाव घेऊन त्याच्या आईबापासाठी मागितलं. तानाबाईने आधी आमेन म्हटलं, तिच्यामागून सगळ्यांनी. साहेब डोळे पुसत बाहेर गेले, आणि दुपारी त्यांचाच निरोप आला की महिनाअखेर घर सोडा. यांना अक्कलकोटच्या बाजूला एका खेड्यात पाठवताहेत. तिकडे सगळे कानडी बोलतात, पद्मजेला शाळा नाही. पोलिसांच्या कानावर काय गेलं आहे तेही कळत नाही. बाहेर बूट वाजले की हातातलं काम टाकून मी यांच्याजवळ जाऊन उभी राहते. भीती गेलेली नाही, दादा, पण यांना अडवावंसं आता वाटत नाही.

तुझ्या मनातून मला उतरवू नकोस, एवढंच मागते.

तुझी
अनसूया

कुर्डुवाडी,
बुधवार, ता. ४ जून १९३०

चि. सौ. अनसूया हीस,
चिंतामणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

सामान बांधायला शनिवारी येतो. पाळकबुवांना ग्रंथ तेवढे बांधू दे, भांड्यांना हात लावू देऊ नकोस, खेड्यात फुटक्या बरण्या घेऊन जाशील. पद्मजेला आमच्याकडे ठेव, इथे शाळा आहे. वहिनीने तिची खाटही काढून ठेवली.

पाळकबुवांचं मला अजून पटलेलं नाही. मंडळीच्या घरात राजकारण आणू नये, असंच मी म्हणेन. पण काल जेवायच्या आधी नेहमीची प्रार्थना केली आणि थांबलो, तर हिने आमेन म्हणेपर्यंत माझा जीव घाबरा झाला. ती बिचारी सवयीने म्हणते. आज सकाळीही तसंच झालं. हिला काही बोललो नाही, तुलाच सांगतो आहे.

तुझ्यावरचा राग कधीच गेला. एक काम मात्र कर. शनिवारी मला हरिबाच्या घरी ने. मी तिथे प्रार्थना करणार नाही. त्याने आत घेतलं तर बसेन, नाही घेतलं तर जरा वेळ दारात उभा राहीन.

आहे तसा लोभ भावावर असू दे.

तुझा
चिंतामणी