सपातांचे पॅकिंग आणि नूरझातची दोन वर्षे

मी शारकान ओसमोनालीएवा, वय वर्षे एकोणसत्तर, दिवंगत कादिर यांची पत्नी, राहणार कोचकोर, धंदा लोकर भिजवून, लाटून केलेल्या नमद्याच्या सपाता करणे व त्या ऑनलाइन विकणे, आज पूर्ण शुद्धीत आणि पोटभर न्याहारी करून हे लिहून ठेवते. डोके जागेवर असल्याचा पुरावा कोणी मागितल्यास, गेल्या हिवाळ्यात कोणत्या देशातून कोणत्या मापाचा जोड परत आला ते मी न अडखळता सांगेन. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगा एरमेक याने दोनदा आणून पाहिले, ते वाया गेले.

कलम पहिले. रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचे. मला मुलगा एकच, तोच थोरला आणि तोच धाकटा, तेव्हा घर, अंगण, सफरचंदाची तीन झाडे व गाडी एरमेकची. मागची खोली, जिथे आम्ही पॅकिंग करतो, तिची व्यवस्था कलम पाचमध्ये आहे. ते वाचल्याशिवाय तिथे कोणी बटाटे ठेवू नयेत.

कलम दुसरे. सपातांचे लाकडी साचे, पाणी तापवण्याची मोठी कढई आणि लोकर पिंजायचे यंत्र माझ्यासोबत नमदा लाटणाऱ्या चौघीजणींचे, समाईक. यंत्र कुरकुरते, त्याला तेल द्यावे. चौघीही कुरकुरतात, त्यांना चहा द्यावा.

कलम तिसरे. नमदा लाटायची माझी बोरूची चटई नणंद बुरुलचा हिला द्यावी. एरमेक पोटात असताना तिने ती उसनी नेली आणि एक कोपरा जाळून परत आणली. वर म्हणाली, "वहिनी, ही अशीच होती." पस्तीस वर्षे मी त्या जळक्या कोपऱ्याशेजारी गुडघे टेकून पोट भरले. आता तो कोपरा तिने सांभाळावा. माझा राग मात्र मी सोबत नेत नाही. तो केव्हाच विझला, फक्त तिला सांगायचे राहिले.

कलम चौथे. बँकेतल्या पैशांतून आधी माझे शेवटचे जेवण घालावे. रीत असली तरी घोडा कापू नये, मेंढ्या पुरतील. लोक नावे ठेवतील, ती ठेवू द्यावीत. उरलेले नूरझातच्या शिक्षणासाठी. नूरझात म्हणजे एरमेकची बायको, माझी सून.

कलम पाचवे. हे लांब आहे. साक्षीदारांनी चहा घेऊन बसावे.

प्रश्न असा की, माझ्यामागे सपाता गिऱ्हाइकाकडे पाठवायच्या कोणी? आजवर हे काम घरी झाले. ऑर्डर आली की नूरझात जोड काढते, पुसते, कागदात गुंडाळते, हाताने चिठ्ठी लिहिते, खोक्यात भरते, पत्ता चिकटवते, परत आलेल्या मालाशी झगडते आणि गिऱ्हाइकाची समजूत काढते. आठवड्यातून एकदा एरमेक खोकी गाडीत घालून राजधानीला, बिश्केकला, नेतो. वाटेतल्या बूम घाटात बर्फ पडले की खोकी घरीच राहतात, आणि शिव्या नूरझातला पडतात.

घरच्या कामात चुकाही घरच्याच होतात, हे प्रामाणिकपणे सांगते. आपल्यात कोणाला काही रिकामे देत नाहीत, म्हणून मी प्रत्येक सपातेत कुरुतची एक गोळी घालायला लावत असे. वाळवलेले दही, चांगले खारट, वर्षभर टिकते. एका बाईने लिहिले की कसर लागू नये म्हणून दिलेल्या गोळ्या छान आहेत, पण वास थोडा उग्र आहे. मग परदेशी कस्टमने एकतीस खोकी अडवून ठेवली, कारण दुधाच्या वस्तू पाठवायला बंदी. ती अक्कल माझी होती. कुरुत बंद केले आहे, ते पुन्हा सुरू करू नये.

बिश्केकमध्ये एक गोदाम आहे. आपण माल नेऊन द्यायचा. ठेवणे, भरणे, पाठवणे, परत आलेला घेणे, सगळे ते करतात. गेल्या शरदात मी अर्धा माल तिथे ठेवून पाहिला. आमच्याकडे आईला आणि वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात. एरमेक तेव्हाच म्हणाला होता, "आपा, नाकापेक्षा मोती जड होईल. फळीचं भाडं वेगळं, जोडामागे मजुरी वेगळी. आणि माल नाही खपला तरी भाडं चालूच. घरी काय, फुकटच होतंय की."

"फुकट कोण करतं?" मी विचारले.

"नूरझात."

"तिला विचारलंस?"

"आपा, ती घरचीच आहे."

हेच वाक्य मी तीन वर्षे बोलत आले होते. नूरझातला नारीन शहरी जाऊन सुईणीचे शिक्षण घ्यायचे आहे. दोन वर्षांचा अभ्यास, राहणे तिथेच. पहिल्या वर्षी ती कागद घेऊन आली तेव्हा मी म्हटले, "डिसेंबरच्या ऑर्डरी होऊ देत." दुसऱ्या वर्षी म्हटले, "माझा गुडघा बरा होऊ दे." तिसऱ्या वर्षी तिने कागद आणलेच नाहीत. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखा चहा ओतला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोर चांगली आहे म्हणून मी तिला वापरत राहिले. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी मला फार भली म्हणणार नाही.

तर गोदामाचे. पहिले दोन महिने झकास गेले. ऑर्डर आली त्याच दिवशी खोके निघे. घाटात बर्फ पडो की दरड, माल आधीच पलीकडे. चौघींना पॅकिंगला मदत करावी लागत नव्हती, त्यामुळे प्रत्येकीचे आठवड्याला दोन जोड जास्त निघू लागले. नूरझात दुपारी पुस्तक घेऊन बसलेली मी प्रथमच पाहिली.

मग तक्रारी आल्या. लहान मुलांच्या सपातांत एक पाय मोठा, एक लहान. नमद्याच्या सपातेला डावे-उजवे नसते. एकाच दिवशी, एकाच लोकरीचे, एकाच हाताने लाटलेले दोन नग म्हणजे जोड. म्हणून आम्ही प्रत्येक जोड काळ्या-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्याने बांधून पाठवतो. गोदामात तो दोराच नव्हता.

मी फोन केला. मेरीम नावाची मुलगी बोलली. "दोरे मीच कापले, आपा."

"का ग बाई?"

"लहान मुलांच्या सपाता, आणि पाय बांधलेले? मूल चालायला लागलं की आपण त्याच्या पायांना बांधलेला काळा-पांढरा दोरा कापतो, तेव्हा त्याची वाट मोकळी होते. मला वाटलं, बांधून पाठवल्या तर बाळ अडखळेल. प्रत्येक जोडाला 'वाट मोकळी होवो' म्हणत म्हणत कापले."

"किती?"

"सगळे. एकशे चाळीस."

आता हिला काय म्हणावे? परक्या देशाच्या गोदामात असे घडले नसते. तिथे दोरा हा दोराच असतो. एरमेक म्हणाला, "बघा, सांगत होतो." पण मेरीम दुसऱ्याच रविवारी सपातांची दोन पोती घेऊन बसने कोचकोरला आली आणि तीन दिवस आमच्या अंगणात बसून चौघींबरोबर जोड जुळवत राहिली. नूरझातच्या हाताला ते बरोबर कळत होते. "ही कांडेबाईंची नाही, ही घट्ट आहे," म्हणायची (कांडे चौघींतली एक), आणि खरेच निघायचे. मेरीमला माझी लोकर कातरायची कात्री द्यावी. अट एकच, कापण्याआधी विचारावे.

सगळे तोलून पाहिले. गोदामात पैसे जातात, दोरे जातात, आणि गिऱ्हाइकाला नूरझातच्या हातची चिठ्ठी मिळत नाही. घरी पैसे वाचतात आणि नूरझातची वर्षे जातात. जोड जुळवणे हे आमचे काम, ते आमच्याकडे राहील. जोड पिशवीत घालून, पिशवी शिवून मगच गोदामाला द्यावी. पुढचे त्यांनी करावे. सबब माझा निर्णय असा: माझ्या मृत्यूनंतर सपाता पाठवण्याचे सर्व काम गोदामाकडे द्यावे, आणि नूरझातने दोन वर्षे नारीनला जावे. मागची खोली ती परत आल्यावर तिला गरोदर बायका तपासण्यासाठी मिळावी.

एरमेकने हरकत घेऊ नये. घेतल्यास कलम एकमधली गाडी नूरझातची.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी पहिले साक्षीदार, शाळेचे निवृत्त मास्तर झुमाबेक, यांनी पुढील शंका काढली, ती त्यांच्याच आग्रहावरून येथे नोंदवते.

"शारकान, तुझी आई किती वर्षांची होऊन गेली?"

"शहाण्णव."

"आणि नूरझात आज एकतीस. म्हणजे तूही तितकी जगलीस तर ही अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला जाणार? आणि तोवर तिनं काय करायचं, तुझ्या मरणाची वाट पाहायची?"

नूरझात चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही. मी पेन उचलले.

कलम पाचमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. खोडाखोड माझीच आहे, शेजारी सही केली आहे. कलम चारमधले शिक्षणाचे पैसेही आताच द्यायचे. गोदामाला साक्षीदारांच्या देखत फोन केला. उरलेला माल पुढच्या सोमवारी जातो. प्रवेशाचे कागद नूरझातने कपाटाच्या तळाशी जपून ठेवले होते, ते तिने आणले, आणि घरच्यांच्या संमतीच्या जागी मी सही केली.

ठिकाण: कोचकोर. दिनांक: ११ मार्च २०२४.

सही: शारकान ओसमोनालीएवा
साक्षीदार १: झुमाबेक तुरदुबाएव, निवृत्त शिक्षक
साक्षीदार २: कांडे इसाकोवा, नमदा कारागीर