बँडचा फोटो कोणी काढला?

प्रिय आई,

तू गेलीस त्याला आता तीन वर्षं होतील. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहिलं नाही, कारण आपलं बोलणं मनातल्या मनात चालूच होतं. पण आज जे झालं ते नीट बसून, पहिल्यापासून सांगायला हवं. तुझ्यावर थोडी रागावलेही आहे. का, ते कळेलच!

बाबांच्या ब्रास बँडवर मी ऑनलाइन ज्ञानकोशात एक लेख लिहिला. हो, मीच! बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर रसायनांचे नमुने तपासणारी तुझी कुंदा सुट्टीच्या दिवशी लेख लिहिते. ज्यांच्याशिवाय सातपाटीत लग्न लागत नसे, ती माणसं कुठेतरी नोंदलेली असावीत, एवढंच मनात होतं. सोबत आपल्या अल्बममधला तो फोटो चढवला. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीपुढे बँडचे नऊ जण, मधोमध कॉर्नेट धरलेले बाबा, आणि सगळे खदाखदा हसताहेत.

फोटो चढवताना विचारतात, छायाचित्र कोणाचं? मी बिनधास्त ‘माझं स्वतःचं’ यावर टिचकी मारली. आपल्या अल्बममधला, मग आपलाच नाही का?

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका स्वयंसेवकाचा निरोप आला. ‘ताई, ढोलवाल्याच्या मांडीवरची दोन वर्षांची मुलगी म्हणजे मी, असं तुम्हीच खाली लिहिलंय. मग फोटो तुम्ही कसा काढलात?’

आई, प्रयोगशाळेत मी इतक्या जोरात हसले की शेजारच्या खोलीतून मिश्राजी धावत आले. “मॅडम, क्या हुआ? कुछ गिरा क्या?”

पण पुढचं वाचल्यावर हसू थांबलं. फोटोचा प्रताधिकार तो ज्याच्या घरात आहे त्याचा नसतो म्हणे. ज्याने काढला त्याचा, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसांचा. त्यांची लेखी परवानगी मिळाली नाही तर फोटो काढून टाकणार. आणि त्या बँडचा दुसरा फोटोच नाही गं आपल्याकडे! नऊ जणांतले सहा गेले. वर्दी नाही, वाद्यं नाहीत. हसणारी ती नऊ तोंडं तेवढी उरलीत.

मी सातपाटीला बाबांकडे गेले. “बाबा, हा फोटो काढला कोणी?”

“पालघरच्या स्टुडिओवाल्यानं. आनखी कोन काढनार?” असं म्हणून ते टीव्हीकडे बघायला लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. टीव्ही बंद होता!

पालघर स्टेशनजवळचा तो स्टुडिओ अजून आहे. आता तिथे आधार कार्डाच्या झेरॉक्स निघतात. पण स्टुडिओवाले वसंतकाका ऐंशी उलटून गेल्यावरही दुपारी खुर्ची टाकून बसतात. मी फोटो पुढे केला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, आणि मान हलवली.

“हा माझा नव्हे, पोरी. माझ्यापुढे माणसं अशी हसत नसत, पुतळे व्हायची. हा तुझ्या आईनं काढलाय.”

मी खुर्चीवरून पडायचीच राहिले!

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाजारात मासळी विकून झाली की एसटीची वाट बघत तू त्यांच्या पायरीवर बसायचीस. उजेड कुठून घ्यायचा, माणूस किती लांब उभा करायचा, विचारून विचारून त्यांना भंडावून सोडायचीस. बँडचा फोटो काढायला खरं तर तेच येणार होते, पण त्यांचा पाय मुरगळला. तेव्हा तू म्हणालीस, “मना द्या कॅमेरा. मी काढते.” त्यांनी बारा फोटोंचा रोल घालून कॅमेरा दिला, आणि तू तो टॉवेलात गुंडाळून मासळीच्या टोपलीतून नेलास!

“दोन महिने माझ्या कॅमेऱ्याला बोंबलाचा वास येत होता,” काका म्हणाले. “पण हा फोटो धुऊन हातात आला तेव्हा म्हटलं, येऊ दे!”

कपाटातून त्यांनी एक पाकीट काढलं. वर तुझं नाव, आत निगेटिव्ह, बाराच्या बारा. “तिचं काम आहे. घरी घेऊन जा.”

आई, का नाही सांगितलंस? चाळीस वर्षं येणारा प्रत्येक पाहुणा त्या फोटोचं कौतुक करायचा आणि तू चहा टाकायला आत निघून जायचीस! याचाच राग आला मला. आणि मीही कधी विचारलं नाही, याचं वाईट त्याहून जास्त वाटलं.

परत येऊन पाकीट बाबांपुढे ठेवलं. त्यांनी त्यावरच्या तुझ्या नावावरून बोट फिरवलं.

“तिनंच काढला,” ते म्हणाले. “बायकोनं काढला म्हटलं तर लोकं हसतील, म्हनून मी स्टुडिओचं नाव सांगत गेलो. ती काय बोलली नाय. चुकलंच माजं.” मग एकदम त्यांना हसू फुटलं. “आमी ऐटीत पोज घेतलेली गो. ही वरडली, ‘पोटं आत घ्या, नायतर होडी दिसत नाय!’ सगळे हसत सुटले, तवाच तिनं बटन दाबलं.”

तुझे वारस तिघे. बाबा आणि आम्ही दोघं भावंडं, मी आणि दिनेश. परवानगीचा कागद वाचून दिनेश अडला. “मुक्त परवाना म्हणजे कोणीही छापणार? विकणारसुद्धा? आईचा फोटो?”

उत्तर बाबांनी दिलं. “आमी रस्त्यात वाजवायचो तवा काय वऱ्हाडीच नाचायचे? येनारा-जानारा पन नाचायचा. कोनाला अडवलं काय आमी? आन तो कागद.” पेन हातात घेतल्यावर थांबले. “आदी वर मोठ्या अक्षरांत लिही. फोटो माज्या बायकोनं काढलाय.”

बाबांनंतर दिनेशने सही केली, मग मी.

आज सकाळी उत्तर आलं. परवानगी मान्य, फोटो राहणार! खाली ‘छायाचित्रकार’ आणि त्यापुढे तुझं पूर्ण नाव. बाबांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं, मग माझा मोबाइल घेऊन आळीत घरोघर दाखवत निघाले. ज्याच्या मांडीवर मी बसले होते तो ढोलवाला गणपतमामा बाबांना म्हणाला, “तुज्यासाठी चाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं, काश्या! आता बोलू ना?” आणि खरंच, तासाभरात त्याने अर्ध्या गावाला सांगितलं.

उरलेल्या अकरा निगेटिव्ह मी खिडकीशी उजेडात धरून पाहिल्या. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, जाळं विणणारे हात, टेम्पोत दाटीने बसून हसणाऱ्या तुझ्या मैत्रिणी. मी वचन देते आई, त्यातल्या एकेकीचं नाव शोधून काढीन. तिला, नाहीतर तिच्या मुलांना विचारीन. आणि मगच ते फोटो जगापुढे ठेवीन, प्रत्येकाखाली तुझं नाव लिहून.

एक मात्र देणार नाही. त्यात बाबा एकटेच आहेत. वर्दी नाही, केस ओले, आणि ते थेट तुझ्याकडे बघताहेत. तसं त्यांना दुसऱ्या कोणाकडे बघताना मी कधी पाहिलं नाही. तो फोटो आपल्या घरातच राहील.

तुझी,
कुंदा