माझ्यासाठी तुम्हाला मिळालेले मार्गदर्शन

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षे लोटली. तरीही तुमच्यावरचा माझा राग शाबूत आहे आणि तो रास्त आहे, असे माझे आजही ठाम मत आहे. पन्नासच्या दशकातली अंधेरी, तुम्ही मिशनच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि तुमच्या शाळेतून कॉलेजात जाऊन पदवीला गणितात पहिली आलेली मी. पुढील शिक्षणासाठी मी तुमचा आशीर्वाद मागायला आले होते. वह्यांवरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "तू इथंच शिकवावंस अशी प्रभूची इच्छा आहे. पहाटे प्रार्थनेत मला तसं मार्गदर्शन मिळालं."

"पण बाई, मीही प्रार्थना केली होती."

"तुझ्या प्रार्थनेत तुझी महत्त्वाकांक्षा बोलते गं."

हे तुम्हाला कोणी सांगितले? माझ्या आयुष्याविषयी देवाला काही सांगायचे होते, तर त्याने ते मुख्याध्यापिकेमार्फत का कळवावे? जोगेश्वरीच्या आमच्या स्वयंपाकघरात बोंबील साफ करता करता आई म्हणाली, "तुझ्या बाईंना देव रोज भेटतो वाटतं! त्याला म्हणावं, एकदा आमच्याकडेही ये ना, चहा पाजते." मला हसू आले नाही. मी एम. ए.ला नाव घातले आणि तुमचा निरोप घ्यायला आले, तर शाळेत सकाळची उपासना चालली आहे. मला दारात पाहून तुम्ही डोळे मिटता, आणि सगळ्या मुलींसमोर माझे नाव घेऊन प्रार्थना करता: "प्रभो, या हट्टी लेकराचा गर्व मोड." मुली एका सुरात 'आमेन' म्हणतात.

गर्व होता तसाच राहिला. मात्र प्रभूच्या प्रार्थनेतले 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे शब्द त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघेनात. चर्चमध्ये सगळे ते म्हणत आणि मी ओठ मिटून उभी राहत असे, कारण ते मला तुमच्या आवाजात ऐकू येत. देवाची इच्छा आणि तुमची इच्छा यांची इतकी बेमालूम सरमिसळ तुम्ही करून ठेवली होती. मी प्राध्यापक झाले, नाव मिळवले. देवावर विसंबणे तेवढे जमले नाही. याचा जाब मी कोणाला विचारावा?

परवा माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. दृष्टी राहील याची हमी डॉक्टर देत नाहीत. प्रश्न विचारून मी त्यांना हैराण केले; आता विचारण्यासारखे काही उरले नाही. आज दुपारी गुडघे टेकले आणि ती प्रार्थना त्या शब्दांसकट मोठ्याने, शेवटपर्यंत म्हटली. हे पत्र कोणाला पाठवायचे नाही, म्हणूनच लिहिते: आवाज तुमचाच आला, आणि मी तो अडवला नाही.