दादाचा कागद

४ फेब्रुवारी

आली! दुपारी सोफ्यावर पडले होते, डोळा लागलाय की नाही अशा अवस्थेत, आणि चाल आपली आपण चालत आली. खाली रस्त्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं – ते ट्रॉम्बोन. वरच्या घरातला गळका नळ – झांज. आणि त्या दोघांच्या मधून टेनर सॅक्सोफोन. नुसता टेनर नाही, दादाचा टेनर. तो फुंकायच्या आधी जी हवा सोडतो ना, तीसुद्धा ऐकू आली.

जागी झाले तर चहाचं पाणी आटून भांडं काळं ठिक्कर. महिन्याभरातलं तिसरं. भांडी गेली खड्ड्यात! नाव सुचलंय – ‘दुपारची झोप’. एकसष्टाव्या वर्षी असं काही सुचणं म्हणजे लॉटरीच.

९ फेब्रुवारी

पहिली तालीम. आमचा हॉल गालिच्यांच्या गोदामाच्या वर आहे. लोकरीचा वास, आणि आवाज कसा मऊ पडतो. तीन वाजता ऊन खिडकीतून उतरतं, सरकत सरकत बासवाल्याच्या बुटांपाशी पोचलं की आम्ही थांबतो. चाळीस वर्षं हेच. बारा खुर्च्या, बारा माणसं, काही खुर्च्यांवरची माणसं बदलली, दादाची नाही.

सगळे छान वाजले. टेनर तेवढा मागे राहिला. अगदी किंचित, पापणी लवेल इतका. पण ड्रम वाजवणाऱ्याने – आम्ही त्याला घड्याळ म्हणतो – माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली.

“दात गं,” दादा म्हणाला. “खालचे दोन हलतायत. ओठाला आधार मिळत नाही.”

अडुसष्ट वर्षांचा आहे. दात हलणारच.

१० फेब्रुवारी

दिवसभर ढगाळ. तिसऱ्या भागातले ट्रम्पेट काढून टाकले. आता खिडकी उघडल्यासारखं वाटतंय.

१७ फेब्रुवारी

पहिल्या तीन भागांचे पक्के कागद लिहून झाले. अक्षरताई दुपारी घेऊन गेली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण वीस वर्षं बँडच्या प्रत्येकाचा कागद वेगळा उतरवून काढते, आणि अक्षर असं की छापलेलं वाटावं. म्हणून अक्षरताई. माझ्या रेघोट्यांतून अकरा जणांचे अकरा कागद ती काढते.

बारावा माझा. दादाचा कागद मी कुणाला देत नाही. पहिल्यापासून मीच लिहिते आणि वर वाद्याचं नाव लिहीत नाही – ‘दादा’ लिहिते. मी टेनरसाठी लिहीतच नाही मुळी! मी त्याच्यासाठी लिहिते. त्याचा खालचा सूर जरा घोगरा लागतो, म्हणून तो मुद्दाम घालते. कुठे त्याचा श्वास संपणार हे मला ठाऊक असतं, तिथेच वाक्य संपवते.

सॅक्सोफोन हे तसं आडमुठं वाद्य. कागदावर एक सूर, कानाला दुसरा. त्यामुळे लिहितानाच सरकवून लिहावं लागतं. टेनरला पियानोच्या दोन पट्ट्या वर, शिवाय एक अख्खं सप्तक. आल्टो हा धाकटा सॅक्सोफोन, त्याला नऊ पट्ट्या. नवीन माणसं बोटं मोजत बसतात. माझ्या ते इतकं अंगवळणी पडलंय की हात आपला आपण सरकतो, मी तोवर गाणं ऐकत असते.

दादाने या वेळीही कागद दोन दिवस आधीच मागून घेतला. वर्षभर हे नवंच काढलंय त्याने. पूर्वी तालमीला येऊन एक नजर टाकायचा, कागद उपडा ठेवायचा आणि वाजवायचा!

२३ फेब्रुवारी

दादाने एक दात काढला. फोनवर बोबडं बोलत होता. मी हसले, तोही हसला. “आता वारा सुटलाय तोंडात,” म्हणाला.

तालमीत पुन्हा तेच. मागे. आणि एकदा सूरही चुकला – दादा, आणि चुकीचा सूर! लगेच गालावर हात ठेवून मान हलवली त्याने. दात, दात! सगळ्यांनी समजून घेतलं. फारच चटकन समजून घेतलं.

२ मार्च

आज चालत निघाले होते पावासाठी, डोक्यात चौथा भाग. भानावर आले तर जुन्या घरापुढे उभी! आम्ही दोघं लहानपणी राहायचो ते. दार आता निळं आहे. बराच वेळ उभी राहिले, छान वाटलं. ही चाल मला कुठे कुठे नेते.

त्याच घराच्या स्वयंपाकघरात मी पहिली चीज लिहिली. एकोणीस वर्षांची होते. दादा तेव्हा मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये होता. पोरीने लिहिलेला कागद तिथे कुणी उघडूनही पाहिला नसता, म्हणून त्याने स्वतःचं म्हणून नेला. वाजला. टाळ्या थांबेनात. बँडमास्तर त्याला म्हणाला, ऊठ, वाकून नमस्कार कर. तर हा उभा राहिला आणि म्हणाला, “माझं नाही हो. आमच्या धाकटीचं आहे. ती काय, खांबाआड उभी आहे.” मला पळून जावंसं वाटलं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं – स्वतःचा बँड, तबकड्या, परदेशचे दौरे. कुणी मुलाखतीत विचारलं की सुरुवात कशी झाली, की मी काहीतरी मोठं मोठं सांगते. खरं एवढंच आहे.

पाव राहिला.

५ मार्च

दादाकडे गेले. तो खिडकीत बसला होता, हातात वाद्य नाही. माझा कागद आणि पेन्सिल. ओठ हलत होते, शाळेतला मुलगा पाढे घोकतो तसे. मला पाहिलं आणि कागद वर्तमानपत्राखाली सारला.

“काय लपवतोस?”

“कोडं सोडवतोय.”

वहिनी मला आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, “सकाळी आठला बसतात तुझा कागद घेऊन. जेवायला हाक मारली तरी ओ देत नाहीत.” मग ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या, “तू जरा सावकाश लिहीत जा गं.”

मी म्हटलं, वहिनी, सोपंच लिहिते त्याच्यासाठी. त्या भांडी पुसत राहिल्या.

एका नजरेत वाचणारा माझा भाऊ – आता सकाळभर बसावं लागतं त्याला. दातांचं निमित्त आहे, खरं तर वाचणंच गेलंय. हे मी त्याला कधी बोलून दाखवणार नाही.

११ मार्च

रेडिओवाले साहेब तालमीला आले. महिनाअखेरीला ‘दुपारची झोप’ ध्वनिमुद्रित करायची आहे, अख्खी, नऊ मिनिटं, एका दमात. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग मला जिन्यात घेऊन गेले.

“बाई, फार सुंदर आहे. मला तरंगल्यासारखं झालं. पण टेनर मागे राहतो आहे.”

“दाताचा त्रास आहे त्याला.”

“असेल. पण हे कायमचं राहणार. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला दात थोडेच दिसणार?”

एका मुलीचं नाव सुचवलं त्यांनी. कागद पहिल्यांदा हातात घेते आणि लिहिलंय तसं अचूक वाजवते, म्हणे.

तो नसेल तर ही चीज कुणाची? आणि तो असेल तर ती बिघडणार. माझी सगळ्यात चांगली चीज! हे मला माहीत आहे. अशी पुन्हा यायची नाही.

११ मार्च

नाही, आज बारा. वर कालचं लिहिलंय. काल आणि आज एकमेकांत विरघळतात हल्ली, मऊ साबणासारखे. वाईट नाही वाटत.

१८ मार्च

सांगितलं.

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. आम्ही दोघंच टेबलापाशी. मी म्हटलं, “दादा, या वेळी तू बसू नकोस.” इतकंच जमलं.

तो कपाच्या कानात बोट घालून फिरवत बसला. रागावेल वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“बरं,” म्हणाला. “सगळ्यांना दातांचं सांग.”

मग एकदम मान वर केली. “माझा कागद कुणाला देणार?”

“त्या मुलीला.”

“तो नको. त्याच्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत माझ्या. नवा काढ. आणि धाकटे, अक्षरताईकडून उतरवून घे. तू नको लिहूस.”

“का? तुझा कागद मीच लिहिते.”

“आता माझा कुठे राहिला तो?” म्हणाला. “ऐक माझं. अक्षरताईला दे.”

मला वाटलं, दुखावलाय. माझ्या हातचं दुसऱ्या कुणाला मिळू नये असं वाटतंय त्याला. इतकं प्रेम! मला रडू आलं, त्याच्या हातावर डोकं टेकलं. तो माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिला, “देशील ना ताईला? देशील ना?” मी हो म्हटलं.

२१ मार्च

दिलं नाही अक्षरताईला. ती अक्षर काढेल, पण श्वास कसा उतरवणार? स्वतः बसले. सकाळचं ऊन टेबलावर, हात पाण्यात सोडल्यासारखा चालत होता, एक खाडाखोड नाही. दादाचा प्रत्येक श्वास त्यात ठेवला. वर ‘टेनर’ लिहिलं. एवढा एक शब्द लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

२२ मार्च

दादाची रिकामी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि मुलीसाठी दुसरी आणवली. घड्याळ म्हणाला, “उद्याचा कागद तुम्ही बघून घेतलाय ना?” हा काय प्रश्न? मी चिडले त्याच्यावर.

२३ मार्च

मुलगी लिहिलं होतं तसं वाजवायला लागली. दुसऱ्या ओळीत घड्याळ थांबला, मग सगळेच. काय भयंकर आवाज होता तो! ती घाबरून म्हणाली, “मॅडम, हा कागद आल्टोचा आहे. माझ्याकडे टेनर आहे.” कुणी हसलं नाही. अकरा माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. अक्षरताई माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “बाकीच्यांचे मी वर्षभर दुरुस्त करतेय. दादांचा तेवढा माझ्याकडे येत नव्हता. ते म्हणाले, तिला बोलू नका, माझं मी सूर सरकवून वाजवतो.”

तशीच दादाकडे गेले. दार त्यानेच उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि घाईघाईने म्हणाला, “चष्मा बदल, धाकटे. बाकी काही नाही.”

चष्मा नाही, दादा. तुलाही माहीत आहे.