धोंडिबाला खाली उतरवा

बुधवार, १७ नोव्हेंबर २००४

हे लिहिण्याचे कारण एकच. या घरात मला ओरडता येत नाही. दादासमोर आवाज चढवायचा नाही, त्याच्या छातीला सोसणार नाही – डॉक्टरांची ताकीद. जन्मभर आवाज चढवून शाळा चालवली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आता तो आवाज ठेवू कुठे? म्हणून ही वही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीधर. सैन्यात सिग्नल्समध्ये होता, वायरलेसवर. सुभेदार होऊन निवृत्त झाला. लग्न केले नाही, त्यामुळे म्हातारपणी माझ्याकडे, कर्वेनगरला. फुप्फुसे गेली आहेत, हात थरथरतो, आणि अशा मुहूर्तावर साहेबांना कादंबरी सुचली आहे! तो सांगतो, मी लिहिते. तेही चालले असते. पण प्रत्येक वाक्य लिहून झाले की मी ते मोठ्याने परत म्हणायचे. तो 'पोचलं' म्हणणार, मगच पुढचे वाक्य. वायरलेसची शिस्त म्हणे.

"मला ऐकू येतं, दादा. बी. ए. आहे मी."

"बी. ए.ला ऐकू येतं याला पुरावा काय?"

पेन आपटले. हळू आपटले – छाती!

गुरुवार, १८ नोव्हेंबर

कादंबरी अशी. बर्फातली चौकी. उंच मचाणावर पहाऱ्याला हवालदार धोंडिबा. तिसऱ्या प्रकरणात तो उभ्या उभ्या गोठून मरतो. खाली उतरवायचा तर वरून हुकूम हवा. चौकीवरून निरोप जातो – धोंडिबा मेला. पण मुख्यालयातला वायरलेसवाला रजेवर, निरोपाची पोच येत नाही. पोच नाही म्हणजे निरोप पोचला नाही. म्हणजे धोंडिबा मेला नाही! तो मचाणावर तसाच, ओव्हरकोट घालून, बंदुकीसकट. रोज त्याचा चहा वर जातो.

शत्रूचा हेर याच चौकीवर न्हावी आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, पण दाढी सुरेख करतो म्हणून कुणी पकडत नाही. त्याला धोंडिबाची दया येते. तो आपल्या लोकांना कळवतो, शत्रूचा रेडिओ मानाने बातमी सांगतो. त्यावर आपले मुख्यालय पत्रक काढते – शत्रूच्या अफवांवर विश्वास ठेवू नये, हवालदार धोंडिबा ठणठणीत आहे, त्याला बढती देण्यात येत आहे.

इथे मला हसू आले. दादाने पाहिले. तेवढ्यासाठी दिवसभर खूश.

रविवार, २१ नोव्हेंबर

प्रकाशनातून अवनीचा फोन. चुणचुणीत मुलगी, पण 'आजी' म्हणते. "आजी, एंडिंग डिसेंबरच्या सेकंड वीकपर्यंत मिळालं तर बरं. नाही तर पुस्तक पुढच्या दिवाळीवर जाईल." पुढची दिवाळी! डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितले त्यात संक्रांतसुद्धा धरलेली नव्हती. दादाने विचारले नाही, मी सांगितले नाही. पण त्याला एवढेच हवे आहे – पुस्तक पुरे झालेले हातात. आणि शेवट मात्र येत नाही! बढती मिळालेला धोंडिबा वर उभा. रोज त्याच प्रकरणात नवीन चहा.

केयूर जेवायला आला. माझा मुलगा. हिंजवडीला असतो, कंपनीच्या बसमधून उतरतो तेव्हा तोही उभ्या उभ्या गोठलेला असतो. "आई, कशाला एवढा त्रास? रेकॉर्डर आणतो. मामा बोलेल, तू नंतर आरामात टाइप करून घे."

दादा म्हणाला, "रेकॉर्डर परत म्हणतो रे. पण ऐकत नाही."

मंगळवार, २३ नोव्हेंबर

भांडण झाले. हळू आवाजात भांडणे किती कठीण असते!

"दादा, धोंडिबाला उतरव आणि संपव. लोक हुकूम मोडून उतरवतील, त्यात काय एवढं?"

"हुकूम मोडून? माझ्या चौकीत?"

"मग मुख्यालयाची पोच येऊ दे."

"कोण देणार? तिथं कोण ऐकतंय?"

"तू लेखक आहेस ना? तूच दे!"

"धाडणाऱ्यानं स्वतःच पोच द्यायची नसते, मंदे. एवढं कळत नाही, शाळा कशी चालवलीस?"

शाळा काढली! मी वही मिटली. सांगितले, उद्यापासून लिहीन, पण एक अक्षर परत म्हणणार नाही. मी तुझी शिपाई नाही.

बुधवार, २४ नोव्हेंबर

परत म्हटले नाही. त्याने एक वाक्य सांगितले, वाट पाहिली. मग भिंतीकडे वळून झोपला. मीही काही कमी नाही.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

सकाळी ओठ निळे. केयूरने गाडी आणली. पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दादा ऑक्सिजनच्या नळीतून म्हणाला, "याच्यापेक्षा सियाचीन बरं." हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर खाट मिळाली.

शनिवार, २७ नोव्हेंबर

दिवसभर एकच वाक्य. "धोंडिबाला खाली उतरवा." मी म्हणते, पाणी हवे का? "धोंडिबाला खाली उतरवा." केयूर आला आहे बघ. "धोंडिबाला खाली उतरवा." थांबतो, माझ्याकडे पाहतो, पुन्हा तेच. तोच सूर, तेच शब्द.

डॉक्टरांना सांगितले, भ्रम झाला आहे. ते म्हणाले, होते असे, ऑक्सिजन कमी पडतो. झोपेचे इंजेक्शन दिले. सुई टोचताना माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्या ढ मुलाकडे बघावे तसा.

रविवार, २८ नोव्हेंबर

सकाळी हॉस्पिटलला निघण्याआधी हस्तलिखित चाळत होते. दुसरे प्रकरण. चौकीचा वायरलेसवाला नवीन पोराला शिकवतो आहे – "पोच आली नाही तर तोच निरोप पुन्हा धाडायचा. शब्द बदलायचे नाहीत. कंटाळा आला हे कारण चालत नाही."

माझ्याच हातचे अक्षर. मी मोठ्याने परतही म्हटले असणार तेव्हा.

भ्रम कसला! पुस्तकाचा शेवट सांगत होता. मी पोच देत नव्हते, म्हणून तो शिस्तीत पुन्हा पुन्हा धाडत होता. आणि मी त्याला सुई टोचवली! मूर्ख बाई. बी. ए.!

रिक्षाने गेले. वाटेत रिक्षात वाक्य म्हणत होते, तोंडात बसावे म्हणून. खोलीच्या दारात पोचले तर आत व्हीलचेअर. तीत एक म्हातारा, डोक्याला मफलर, भयंकर वैतागलेला. मागे शालन सिस्टर. ती म्हणाली, "आजी, काका जागे झाल्यापासून परत तेच. वरच्या मजल्यावर एक धोंडिबा आहेत, वाघोलीचे, हर्नियाचं ऑपरेशन झालंय. म्हटलं, हेच असतील ओळखीचे. आणले खाली."

म्हातारा म्हणाला, "वळखीचं कोन हाय हितं? मी न्हाई वळखत. मला कशापायी आनलं?"

दादाने डोळे उघडले. त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाला, "धोंडिबा?"

"व्हय."

"उतरलास?"

"उतरलो की! ह्या बाईनं ढकलत आनलं. वर लई गारठा हाय, ते गार हवेचं मशीन बंदच करीत न्हाईत."

दादा हसला. हसताना खोकला, खोकताना हसला. शालन घाबरून नळी सरळ करू लागली. मी त्या दोघांना थांबवावे, काही समजावून सांगावे, असे मनात आले. पण पिशवीतून हस्तलिखित काढले. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "पोच आली. लिही, मंदे."

लिहिले. 'धोंडिबाला खाली उतरवा.' 'उतरलो की. वर लई गारठा हाय.' दोन्ही वाक्ये मोठ्याने परत म्हटली. न सांगता.

"पोचलं," दादा म्हणाला.

धोंडिबा शालनला विचारत होता, "हे दोघं ठीक हायेत न्हवं?"

सोमवार, २९ नोव्हेंबर

दादा गेला. सकाळी अकराला, लख्ख उन्हात. केयूरने सगळ्यांना फोन केले.

गुरुवार, ९ डिसेंबर

सकाळी हस्तलिखित अवनीच्या हातात दिले. ती म्हणाली, मिळाल्याचा मेल करते. मी म्हटले, मेल नको, शेवटची दोन वाक्ये म्हणून दाखव. बिचारीने म्हटली.

दुपारी केयूरला घेऊन वाघोलीला. धोंडिबांना दादाचा ओव्हरकोट दिला. लोकरीचा, सगळी बटणे शाबूत. अंगात घालून बघितला. बाह्या लांब होतात.

"ताई, आन् सायब?"

"गेला," मी म्हटले. हा शब्द आजवर तोंडातून काढला नव्हता.

त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले. मग मान हलवून म्हणाले, "गेलं."

पोचले.